सातवा खडक

"या निबीचं अन् माह्या नवऱ्याचं एकच हाये," शेजारच्या टेबलावरून प्रेमिला पुटपुटली. "चालत नाही तं चालतच नाही, अन् चालली का मंग थांबत नाही. पाह्य ना वं बाई, अख्खी नदी डोंगरावर चढवून ठेवली हिनं."

पुटपुटणं मनकर्णासाठीच होतं, पण हॉलमधली टेबलं इतकी खेटून मांडलेली होती की नदी डोंगरावर चढल्याची बातमी चारही ट्रेसरांना कळली.

"ब्लेडनं खरवड, वरून खडूची पूड घास," मनकर्णा मान वर न करता म्हणाली. "अन् तोंड बंद ठेव. पाहणाऱ्याले वाटन, नदी जन्मापासून तिथंच होती."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

नागपुरातल्या त्या नकाशाच्या कचेरीत काम असं चाले: हिवाळ्यात साहेबलोक डोंगरदऱ्या हिंडायचे, दगड ठोकून पाहायचे आणि पेन्सिलीनं काढलेले कच्चे नकाशे घेऊन यायचे. ते कच्चे नकाशे खाली ठेवून, वर निळसर पातळ कापड ताणून, काळ्या शाईनं रेघन् रेघ उतरवायची, हे ट्रेसरांचं काम. त्या कापडावरून मग छपाई. म्हणजे साहेबानं डोंगर पाहिलेला असो की नसो, लोकांना दिसायचा तो ट्रेसरच्या हातचा डोंगर. मनकर्णानं चौदा वर्षांत निम्मा देश असा हातावेगळा केला होता आणि स्वतः इंदोऱ्याच्या वस्तीतून कचेरी आणि कचेरीहून इंदोरा, यापलीकडे ती फारशी गेलेली नव्हती. समुद्र तर कापडाची मोकळी राहिलेली जागा, एवढाच ठाऊक.

वामनराव साहेब हॉलमध्ये आले तेव्हा प्रेमिलाची नदी अजून ओली होती. तिनं त्यावर कोपर ठेवलं.

साहेब उंच, वाकलेले, फेब्रुवारीतही गळ्यात मफलर. आवाज मात्र असा, की दगडाबद्दल बोलायला लागले तरी कुणीतरी घरचं माणूस आजारी असावं असं वाटे.

"कोकणातल्या बेटाचा नकाशा नव्यानं छापायचाय," ते म्हणाले. "या वेळी सोबत एक पुस्तिकाही. सहलीला जाणाऱ्यांसाठी. कोणता खडक कुठं, काय पाहायचं, होडी कुठून न्यायची. एकतीस मार्चला मी मोकळा होतोय. हे माझं शेवटचं काम समजा. आणि माझी एक इच्छा होती, ज्यांनी ते बेट काढलं त्यांनी एकदा ते डोळ्यांनी पाहावं. मंजुरी मिळाली आहे. मनकर्णाबाई, प्रेमिलाबाई, सामानाला नत्थू, आणि आमच्या घरचे. पुढच्या सोमवारी निघू."

प्रेमिलानं आनंदानं कोपर उचललं. नदी ब्लाउजच्या बाहीवर आली.

"आणि बाई," साहेब मनकर्णाच्या टेबलाशी थांबून हळू म्हणाले, "हा नकाशा तुमच्या हातून उतरला की हेड ट्रेसरच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवतोय. कागद तयार आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण हातातलं पेन तिनं हळूच खाली ठेवलं. कारण त्या बेटाच्या नकाशात सात खडक होते आणि सातवा खडक समुद्रात नव्हता. तो मनकर्णानं काढलेला होता.

गोष्ट बासष्ट सालच्या मे महिन्याची. तिचा नवरा धोंडबा याच कचेरीत साहेबांसोबत दुर्बिणी आणि हातोडे वाहायला जायचा. कॅम्पवर ताप आला आणि तिकडेच गेला. कचेरीनं विधवेला पाणी भरायची नोकरी देऊ केली. वामनराव साहेब घरी भेटायला आले, तेव्हा वस्तीतल्या विहारावरची पाटी वाचत उभे राहिले.

"ही कुणी रंगवली?"

"मी."

"शिकल्या कुठं?"

"शिकलेली नाही साहेब. डालडाच्या डब्यांवरची अक्षरं पाहू पाहू."

साहेबांनी तिला पाण्याच्या मडक्याकडे न पाठवता टेबलाशी बसवलं. तेव्हाचे हेडबाबू तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले होते, "आता पाणी भरणाऱ्यांच्या हाती शाई देणार का साहेब? कापड फुकट जाईल, दुसरं काय."

तिसऱ्याच महिन्यात तिच्यासमोर बेट आलं. ते निळसर कापड म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. त्याला खळ दिलेली असते. शाई त्यावर आरशासारखी बसते, पण पाण्याचा एक थेंब पडला की खळ विरघळून चिखल. आणि नागपूरच्या मे महिन्यात पाण्यावाचून माणूस जगणार कसा? हॉलच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. बाहेर कचेरीचा शिपाई नत्थू डबा घेऊन उभा. अर्ध्या अर्ध्या तासानं तो ताटीवर पाणी फेकायचा आणि आत गार, सुगंधी वारा यायचा. हेडबाबूंनी खिडकीजवळचं टेबल नव्या बाईला दिलं होतं. मेहेरबानी म्हणून नव्हे, हे तिला नंतर कळलं.

नवव्या दिवशी, बेट जवळजवळ पुरं झालेलं असताना, नत्थूचा हात जरा जोरात गेला. ताटीतून एक थेंब उडून आला आणि बेटाच्या पश्चिमेला, रिकाम्या समुद्रात पडला. किनाऱ्याची शाई अजून ओली होती. ती थेंबाकडे धावली. हरभऱ्याएवढा काळा डाग.

खरवडावं तर कापड भिजलेलं, भोक पडणार. न खरवडावं तर नऊ दिवस वाया, आणि हेडबाबू शेजारच्या खोलीत चहा पिऊन राहिलेले. तिनं वर पाहिलं. ताटीच्या फटीतून नत्थूचा एक डोळा दिसला.

मग मनकर्णानं पेन उचललं. बेटाभोवती आधीच सहा सुटे खडक होते. ते कसे काढायचे हे तिला आता येत होतं. तिनं डागाच्या कडेनं बारीक बारीक दातरे काढले, उजव्या अंगाला सावली दिली, पायथ्याशी लाटेची रेघ ओढली. असा देखणा खडक उतरला की तिच्या हातून आधीचे सहा का बरं असे उतरले नाहीत, असं तिला वाटून गेलं. खाली आकडे घालणाऱ्या बाबूनं सहा खडकांना सहा आकडे दिले आणि सातव्याला सातवा. त्याचा काय दोष?

साहेबांनी भिंग लावून नकाशा पाहिला. फार वेळ पाहिला. मग ते इतकंच म्हणाले, "सुंदर."

पुढे त्यांच्या अहवालाची अक्षरंही तिनंच घातली. त्यात ओळ होती: 'सातवा, लहान सुटा स्तंभ, बेटाच्या पश्चिमेस. होडीतून दुरून पाहिला. समुद्र खवळलेला असल्याने जवळ जाता आले नाही.'

ती ओळ तिनं तीनदा वाचली होती. साहेबांनी आपल्याला पाठीशी घातलं, की नकाशात दिसला म्हणून त्यांचाच स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला? तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नत्थू त्या दिवसापासून साय असलेला चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवू लागला. तोही काही बोलला नाही. नकाशा पुढे दोनदा छापला गेला. हेडबाबू निवृत्त झाले, ताट्या जाऊन कूलर आले, खडक होता तिथं होता.

सांगावं असं पुष्कळदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे आधी त्या हेडबाबूंचं म्हणणं खरं करायचं, आणि मग ज्यांनी टेबल दिलं त्यांना खोटं पाडायचं. दोन्ही एका तोंडानं कसं करावं, हे तिला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं.

दोन रात्री गाडीत आणि एक दिवस एस. टी. त काढून मंडळी कोकणच्या पार खालच्या टोकाला पोचली. नत्थू कन्हानचा. नदीकाठचा माणूस म्हणून पाण्याबाबतचे सगळे निर्णय त्यानं वाटेतच स्वतःकडे घेतले होते. समुद्र समोर आला तसा तो वाळूवरच थबकला. म्हणाला, "याले दुसरा काठच नाही का गा?"

होडी जानू तांडेलाची होती. पाऊण तासाचं पाणी. साहेबांनी होडीत पाय ठेवला तो डोळे मिटून. हातात लिंबू. बेट येईस्तोवर त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. साहेबांच्या घरच्या, इंदूबाई, छत्री धरून बसल्या होत्या, ती त्यांनी न बोलता नवऱ्याच्या डोक्यावर सरकवली.

मनकर्णाला मात्र मळमळणं, भिणं, काहीच सुचलं नाही. बेट वर येत होतं. आधी काळी रेघ, मग दातरे. तिनं काढलेले होते तस्से दातरे. फक्त या दातऱ्यांवर ऊन होतं.

पाय जमिनीला लागले तशी साहेबांची कळी खुलली. किनाऱ्यापासून वरपर्यंत काळ्या खांबांची गर्दी उभी होती. एकाला एक चिकटलेले, कोरून काढल्यासारखे कोनेदार, कुणी माणसाएवढा, कुणी माडाएवढा. पायथ्याशी पांढऱ्या शिंपल्यांचा खच, आणि त्यावरून परत फिरणारं पाणी खळखळ वाजत होतं.

"हा सगळा जमिनीच्या पोटातला रस," साहेब सांगू लागले. "तापलेला, पातळ. वर आला, पसरला, थंड झाला. थंड होताना आकसला, आणि आकसताना चिरत गेला. तळ्यातला चिखल वाळल्यावर चिरतो ना, तसा. फक्त चीर वरून पार खालपर्यंत. म्हणून हे खांब. आणि गंमत सांगू? आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड आणि हा, एकाच घराण्यातले."

"म्हणजे वड्या थापून कापल्यासारखं," इंदूबाई म्हणाल्या.

"अगदी."

"एवढ्या वड्या कापल्या अन् खाल्ल्या कोणीच नाही," नत्थू म्हणाला. तो खांबांचे कोने मोजून राहिला होता. "सहा. सहा. पाच. हा पाह्य ना साहेब, सातकोनी निघाला. मिस्त्री पिऊन होता इथं."

सातचा आकडा ऐकून मनकर्णानं दुसरीकडे पाहिलं.

त्या दिवशी त्यांनी बेट पायाखाली घातलं. पहिला खडक, दुसरा खडक. तिसऱ्याला मधोमध कमान होती, आणि कमानीतून पलीकडचा समुद्र चौकटीत बसवल्यासारखा दिसत होता. पुढे एक सपाट कातळ, त्याला वर भोक. खालून लाट आत शिरली की भोकातून पाण्याचा खांब उसळायचा आणि फुस्सकन् खाली यायचा. साहेब 'जरा थांबा' म्हणेपर्यंत प्रेमिला भोकात डोकावली होती.

"अवं माय!" ती नखशिखांत भिजून ओरडली. "आतमंदी कोनी हाये वं! थुंकलं माह्यावर!"

बेटाच्या मधोमध एक खोलगट वाटी होती. एके काळी इथूनच आग बाहेर पडली असावी, असं साहेब म्हणाले. आता तिथं हिरवं गवत, चार शेळ्या आणि गोड्या पाण्याचं डबकं. इंदूबाई काठावर बसून म्हणाल्या, "इतकी आग ओकून शेवटी शेळ्याच ना? मग एवढा आटापिटा कशाला केला म्हणते मी."

मनकर्णा सगळ्यांच्या पुढे चालत होती. कुणी वाट दाखवायची तिला गरज नव्हती. "आता किनारा आत वळते," ती म्हणे, आणि दहा पावलांवर किनारा आत वळे. "इथं एक नाक पुढे आलं पाहिजे," आणि नाक पुढे आलेलं असे. तिचा अंगठा आणि दोन बोटं पदराच्या आड आपोआप हलत होती, पेन धरल्यासारखी. चौदा वर्षांपूर्वी जी रेघ तिनं श्वास रोखून ओढली होती, तिच्यावरून ती आता चपला घालून चालत होती. हे सगळं खरं होतं तर. आपल्या हातानं एवढं खरं काढलं होतं. तिला इतका आनंद झाला की तोंडातून हुंदका यायचा तो तिनं खोकल्यावर नेला. आणि त्याच रेघेवरून एकेक पाऊल ती पश्चिमेकडे जात होती, हेही तिच्या हाताला माहीत होतं.

चौथा खडक झाला. पाचवा झाला. सहावा.

पश्चिमेचा कडा उंच होता. खाली पाणी पांढरं होऊन फुटत होतं. जानू तांडेलही सोबत वर आला होता. साहेबांनी दुर्बीण काढली.

"सातवा इथून दिसायला हवा," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"भरतीक बुडता तो," जानू म्हणाला. त्याच्या बोलीतला 'क' आणि यांच्या बोलीतला 'ले' यांची ओळख दोन दिवसांत झाली होती. "ओहोटीक दिसता, म्हणतत."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही पाहिला आहे का हो?" इंदूबाईंनी विचारलं.

"मी? नाय. माज्या बापाशीनपन बघूक नाय. पन सरकारी कागदार आसा मा? कागद खोटो कसो आसात?"

जानूला बोलायला माणसं मिळाली होती.

"गेल्या वर्सा चार पावणे इल्ले. तोच कागद घेवन. म्हणाले, सातवो दाखय. म्हटलंय, ओहोटी होवंदे. ह्याच खडपाभायर होडी धरून थांबलंव. नि एक लाट इली, ती होडीसकट आमका खडपार आपटल्यान." त्यानं उजवा हात पुढे केला. दोन बोटं आडवी जुळली होती, मिटत नव्हती. "कोण मेलो नाय. देवाची कृपा. आता तर पुस्तक येतला म्हणतत. माणसा येतली, बरा होतला."

तो मनापासून खूश होता. मनकर्णा त्याच्या त्या दोन बोटांकडे पाहत राहिली. त्या बोटांत काही धरता येत नसणार. वल्हं कसं धरत असेल हा?

ओहोटी होईपर्यंत सगळे कड्यावर बसले. इंदूबाईंनी नागपूरहून आणलेल्या तिखट पुऱ्या काढल्या. ऊन कलत गेलं, पाणी हटत गेलं, एकेक बुडालेला कातळ शेवाळ गाळत वर आला. जानूनं बोट दाखवलं, यापेक्षा खाली पाणी जात नाही. समोर जिथं सातवा खडक, तिथं समुद्र होता. सपाट, चकाकणारा, कापडाच्या मोकळ्या जागेसारखा.

"अजून पुरतं उतरलं नसन पाणी," प्रेमिला म्हणाली.

"मले तं काहीतरी काळं दिसलं मघा," नत्थू म्हणाला, आणि मनकर्णाकडे न पाहता पुरी खाऊ लागला.

"उन्हाची तिरीप आहे, नीट दिसत नाही," साहेब म्हणाले.

"चला बाई आता, डोकं दुखून राहिलं," इंदूबाई छत्री मिटत म्हणाल्या.

मनकर्णाचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. पण साहेब दुर्बिणीच्या काचा पुन्हा पुन्हा रुमालानं पुसत होते, हे तिनं पाहिलं, आणि तोंड मिटलं. कड्यावरून खाली उतरताना पाच माणसांनी शेळ्यांबद्दल जितकं म्हणून बोलता येईल तितकं बोलून घेतलं.

परतीच्या गाडीत इंदूबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ बडीशेप निवडत होत्या.

"यांना होडी सोसत नाही," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "पहिल्यापासून. लग्न झालं त्या वर्षी अंबाझरीच्या तलावात बसलो होतो, तर काठ लागेस्तोवर माझा पदर धरून होते. बासष्टात त्या बेटाला होडीतून वळसा कसा घातला असेल, मला तर नवलच वाटतं."

मनकर्णानं त्यांच्याकडे पाहिलं. इंदूबाईंनी बडीशेपेची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

म्हणजे साहेब तिकडे गेलेच नव्हते. म्हणजे त्यांनी तिला पाठीशी घातलं नव्हतं. तिचा नकाशा पाहून त्यांना वाटलं असेल, आपण न गेलेल्या बाजूला कुणी गेलं होतं, कच्च्या कागदावर कुणी काही टिपलं होतं, आता विचारायचं कसं? तिला इतकी वर्षं साहेबांचं भय, आणि साहेबांना तिच्या नकाशाचं. तिला हसूही आलं आणि साहेबांची फार दया आली. पण मग डोळ्यांसमोर ती दोन आडवी बोटं आली आणि हसू राहिलं नाही.

नागपुरात ऊन तापायला लागलं होतं. मार्चचा दुसरा पंधरवडा. नवं कापड ताणलं, खडूची पूड घासली, आणि मनकर्णानं बेट काढायला घेतलं. या वेळी नऊ दिवस लागले नाहीत. सहाच दिवसांत किनारा झाला. कमान झाली. भोकाचा कातळ झाला, तो काढताना प्रेमिलानं शेजारून बजावलं, "त्याले दातरे जास्त काढ वं, थुंकते तो." मधली वाटी झाली. पहिला खडक, दुसरा, तिसरा, सहापर्यंत. पश्चिमेची जागा मोकळी राहिली. तो दिवस तिनं अक्षरं घालण्यात काढला. दुसरा दिवस उत्तरेची खूण काढण्यात. एका खुणेला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वामनराव साहेब आले. मफलर आता नव्हता. हातात कागदाचा कपटा. पलीकडचे दोन ट्रेसर उभे राहिले, प्रेमिलाचं पेन थांबलं, नत्थू चहाचं ताट घेऊन दारातच होता. साहेबांचे कचेरीतले आठ दिवस उरले होते, त्यामुळे ते आले की सगळे आपोआपच गप्प होत.

त्यांनी नकाशावर भिंग फिरवलं. पश्चिमेला आल्यावर भिंग थांबलं.

"सातवा राहिला, बाई."

"हो."

"हे खाली बारीक अक्षरांत घालून द्या." त्यांनी कपटा ठेवला. त्यावर लिहिलं होतं: 'सातवा खडक केवळ अतिओहोटीच्या वेळी क्वचित दिसतो.' "मग कुणाची तक्रार राहणार नाही. शिफारशीचा कागदही आज सही करून पाठवतो. खडक तेवढा रेखाटून टाका. पहिल्यासारखा."

मनकर्णानं पेन शाईत बुडवलं. निबीवर थेंब धरला. खिडकीजवळ हेड ट्रेसरचं रिकामं टेबल होतं, रुंद, चांगल्या उजेडाचं. तिच्या वस्तीतल्या कुणी अशा टेबलाशी बसलेलं नव्हतं. एक हरभऱ्याएवढा खडक. हात तर आता असा बसलेला, की डोळे मिटून काढला असता. आणि मग पुस्तक छापलं जाईल, पाहुणे येतील, म्हणतील दाखवा सातवा, तो अतिओहोटीला क्वचित दिसतो असं लिहिलंय; आणि जानू तांडेल आनंदानं होडी धरून थांबेल, कारण कागद खोटा कसा असेल?

तिनं निब पुसली आणि पेन खाली ठेवलं.

"साहेब," ती म्हणाली. आवाज हॉलभर जाईल एवढा मोठा निघाला. आता तो लहान करता येईना. "तिथं खडक नाही. ओहोटीलेही नाही अन् भरतीलेही नाही. कधीच नव्हता. माह्या कापडावर पाण्याचा थेंब पडला होता, काळा डाग झाला. कापड फुकट जाईन, अन् माही जागा जाईन म्हणून मी त्याचा खडक केला. तुमच्या कच्च्या कागदावर तो नव्हता. तो मी काढला."

प्रेमिलाच्या निबीतून एक थेंब सुटून कुठल्यातरी तालुक्यावर पडला, तिचं लक्षही नव्हतं.

दारातून नत्थूनं ताट कसंबसं स्टुलावर ठेवलं. "पाणी माह्या डब्यातलं होतं साहेब," तो म्हणाला. "हात जोरात गेला. बाईचा काही कसूर नाही."

साहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं. कपटा उचलला, त्याची एक घडी घातली, मग दुसरी. आता ते काहीही म्हणू शकले असते. नकाशावर विसंबलो, म्हणता आलं असतं. बाईंनी फसवलं, असंही. सगळा हॉल त्यासाठी थांबला होता आणि मनकर्णाही मान खाली घालून तेच ऐकायची वाट पाहत होती.

साहेबांनी शेजारचं स्टूल ओढलं आणि तिच्या टेबलाशी, ट्रेसर बसतात तसे बसले.

"तुम्ही तो काढला, मनकर्णाबाई," ते म्हणाले. "पाहिला, असं मात्र मी लिहिलं. मी त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो."